एकट्याची वही काय कामाची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेठेतल्या जुन्या दुकानांत अजूनही नवी वही पाटावर मांडतात. लाल खारव्याची बांधणी, पहिल्या पानावर 'श्री', खाली हळदकुंकवाची बोटे आणि शेजारी झेंडूची दोन फुले. पुढे वर्षभर ती वही कपाटात कोरीच राहते, कारण हिशेब सगळा संगणकावर असतो. पण पूजा मात्र संगणकाची नव्हे, वहीचीच! व्यापारी माणूस हळवा म्हणून प्रसिद्ध नाही. तरीही तो वहीपुढे हात जोडतो, कारण आपला धंदा मालावर जितका चालतो तितकाच नोंदीवर चालतो, हे त्याला पक्के ठाऊक असते.

आणि धंद्यातली निम्मी भांडणेही नोंदींचीच असतात. दुकानदाराच्या वहीत आपल्याकडे चारशे रुपये येणे असतात, आपल्या डायरीत ते दोनशेच असतात. आडत्याच्या वहीत पोती 48, शेतकऱ्याच्या चिठ्ठीवर 50, ट्रकवाल्याच्या पावतीवर 49. माल एक, वह्या तीन, आणि प्रत्येकाचा आपल्या वहीवर गाढ विश्वास. शेतापासून ताटापर्यंत वस्तू पाच-सात हातांतून जाते, म्हणजे पाच-सात वह्या झाल्या. त्या जुळवता जुळवता कारकुनांच्या पिढ्या पेन्शनीत निघाल्या.

या जुन्या दुखण्यावर गेली काही वर्षे एका नव्या औषधाचा गवगवा आहे. त्याचे नाव ब्लॉकचेन. नाव ऐकून गृहिणींनी पान उलटू नये. प्रकरण वाटते तितके भयंकर नाही. आपल्या कीर्दीत पान संपले की खाली बेरीज मांडून ती पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' म्हणून नेतात, हे सर्वांना माहीत आहे. मागल्या पानावर कोणी चारचे चौदा केले, तर पुढच्या सगळ्या पानांची बेरीज चुकते आणि लबाडी उघडी पडते. ब्लॉकचेनमध्ये हीच युक्ती अतिशय कडक केली आहे. प्रत्येक पानाचा गणिताने काढलेला एक ठसा पुढच्या पानात गुंफलेला असतो, म्हणून ही पानांची साखळी. शिवाय ही वही एकाच मुनिमाच्या कपाटात नसते. व्यवहारातल्या प्रत्येकाकडे तिची तंतोतंत प्रत असते आणि नवी नोंद सर्वांच्या प्रतींत एकदमच चढते. 2008 साली सातोशी नाकामोतो असे टोपणनाव घेतलेल्या कोणा इसमाने ही कल्पना बिटकॉइन नावाच्या चलनासाठी मांडली. ते चलन आणि त्याचा सट्टा या गोष्टी आपण वाचकांच्या पुतण्यांवर सोपवू. माझे लक्ष वहीकडे आहे.

माझी आणि या वहीची गाठ धाराशिव जिल्ह्यात पडली. (उस्मानाबाद हे नाव 2023 साली सरकारी दप्तरातून गेले. आमच्या सौभाग्यवतींच्या माहेरी मात्र दोन्ही नावे पूर्वीपासून सुखाने नांदत आली आहेत.) 2024 च्या दिवाळीला आम्ही सासुरवाडीस गेलो होतो. मेहुण्यांची पंधरा एकर कोरडवाहू जमीन कळंब तालुक्यात. सोयाबीन नुकतेच मळून घरात आले होते. पडवीत वीस क्विंटलांची थप्पी आणि तिच्याकडे पाहत बसलेले मेहुणे. सरकारने हमीभाव 4,892 रुपये जाहीर केलेला, आणि बाजारात 4,200 च्या वर कोणी बोलत नव्हते.

"दाजी, तुम्ही शहरातली शिकलेली माणसं," मेहुणे म्हणाले. "इकावं का ठिवावं, सांगा."

असल्या प्रश्नाला शहाण्या जावयाने उत्तर देऊ नये. मीही दिले नाही. पण प्रश्न एकट्या मेहुण्यांचा नव्हता. सुगीत सगळ्यांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव बसतो. व्यापारी घेऊन ठेवतो. त्याला ठेवता येते, कारण त्याच्याजवळ पैसा असतो. शेतकऱ्याला मुलीची फी, खताची उधारी आणि रब्बीचे बी एकाच महिन्यात भागवायचे असते. 2021 च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले होते आणि नवे पीक निघायच्या सुमारास जवळजवळ निम्म्यावर आले, हे सगळ्या मराठवाड्याने पाहिले आहे.

यावर उपाय जुना आहे. माल वखारीत ठेवावा, पावती घ्यावी, पावती गहाण टाकून कर्ज काढावे आणि भाव बरा आला की विकावा. राज्याचे वखार महामंडळ 1957 सालचे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजनाही 1990-91 पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी सहा टक्के व्याजाने मिळते. योजनेत खोट नाही. बँकांची भीती मात्र वेगळीच असते. ही पावती खरी कशावरून? आणि हाच माल दाखवून या गृहस्थाने पलीकडच्या बँकेतूनही कर्ज उचलले नसेल कशावरून? एका पोत्यावर दोन कर्जे, हा जगभरच्या गोदामांचा रोग आहे. 2014 साली चीनमधल्या छिंगताव बंदरात एकाच धातूच्या साठ्यावर अनेक बँकांकडून कर्जे काढल्याचे उघडकीस आले, तेव्हा भल्याभल्या परदेशी बँका तोंडात बोट घालून उभ्या राहिल्या होत्या.

नवी वही नेमकी इथे उपयोगी पडते. पावती वहीत चढली, गहाण पडली, की ती नोंद सर्व बँकांच्या प्रतींत त्याच क्षणी दिसते. दुसरीकडे तीच पावती चालतच नाही. आपल्या वखार महामंडळाने 2020-21 च्या सुमारास महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेला सोबत घेऊन असली ब्लॉकचेनवरची तारण कर्ज योजना सुरू केली. शेतकऱ्याने गोदामात माल टाकावा, पावती संगणकावर उमटावी, आणि बँकेच्या पायऱ्या न झिजवता कर्ज खात्यात यावे, असा बेत. बेत उत्तम आहे, हे मी विनोदाने म्हणत नाही.

मेहुण्यांना मी हे सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी ते मला मोटारसायकलवर मागे बसवून तालुक्याच्या गावी एका बँकेच्या शाखेत घेऊन गेले. खाते त्यांचे तिथेच, गेली वीस वर्षे. खिडकीवरच्या तरुण अधिकाऱ्याने अदबीने ऐकून घेतले आणि तितक्याच अदबीने सांगितले, "काका, असली पावती आमच्या शाखेत चालत नाही. आमची बँक त्यात नाही."

बाहेर येऊन मेहुणे म्हणाले, "वही चांगली हाय दाजी. पर आमचा सावकारच तिच्यात नाही!"

वाचकहो, अर्थशास्त्राचे पंडित ज्यावर मोठमोठे ग्रंथ लिहितात ते हेच. त्यांनी टेलिफोनचे उदाहरण घेतले, तेच आपणही घेऊ. गावात एकच टेलिफोन असेल तर तो दिवाणखान्यातली शोभेची वस्तू. दोन झाले तर बोलणाऱ्यांची एक जोडी होते. दहा झाले तर 45 जोड्या, आणि शंभर झाले तर 4,950. यंत्र तेच, तार तीच, पण प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाबरोबर जुन्या सगळ्यांच्या टेलिफोनाची किंमत वाढते. अमेरिकेतल्या बेल कंपनीचे अध्यक्ष थिओडोर वेल यांनी 1908 सालीच आपल्या भागधारकांना हे समजावून सांगितले होते. आपल्याकडे ते लग्नपत्रिकांनी समजावले. पत्रिकेवर शेजाऱ्याच्या टेलिफोनचा क्रमांक छापून पुढे 'पी. पी.' लिहिण्याची पद्धत ज्यांना आठवते, त्यांना पंडितांची गरज नाही. अख्ख्या चाळीत एक टेलिफोन, पण लोकांना बोलायचे असे म्हणून तो चाळीचा झाला.

या गुणाची दुसरी बाजू त्रासदायक आहे. सगळे आले की सगळ्यांना फायदा, पण पहिल्याला मात्र निव्वळ खर्च. यंत्र त्याने घ्यायचे, माणसे त्याने शिकवायची, आणि पलीकडे बोलायला कोणी नाही! म्हणून प्रत्येकजण म्हणतो, "आधी तुम्ही." ब्लॉकचेनला हा शाप इतर यंत्रांहून जास्त जाचतो. पिठाची चक्की एकट्याने घेतली तरी पीठ दळते. वाटून घ्यायची वही एकट्याने घेतली, तर ती महागडी साधी वहीच होते.

जगातल्या सर्वांत धनाढ्य मंडळींनाही यातून सुटका मिळाली नाही. 2018 साली आयबीएम ही संगणकांची कंपनी आणि मर्स्क ही जहाजांची डॅनिश कंपनी यांनी मिळून ट्रेडलेन्स नावाची ब्लॉकचेन वही काढली. एका पेटाऱ्याच्या समुद्रप्रवासाला लागणाऱ्या कागदांचा भारा संपवायचा, बंदर, जकात, जहाज, दलाल सगळ्यांनी एकच वही पाहायची, असा मोठा विचार. यंत्र चालले. 2019 मध्ये आणखी काही मोठ्या जहाज कंपन्या त्यात यायला तयारही झाल्या. पण बाजारातले सर्वांत मोठे दुकान ज्याचे, त्याच्याच माळ्यावर ठेवलेल्या वहीत आपला धंदा लिहायचा, हे प्रतिस्पर्ध्यांच्या गळी उतरेना. चिनी कॉस्को आणि इतरांनी आपली निराळी वही मांडली. 2022 च्या नोव्हेंबरात दोघा मालकांनी जाहीर केले की सगळ्या जगाच्या व्यापाराची जी साथ हवी होती ती मिळाली नाही. आणि 2023 च्या मार्चअखेर ट्रेडलेन्सला टाळे लागले.

ही बातमी वाचताना मला कुर्डूवाडी आठवली. मराठवाड्याच्या कडेच्या वाचकांनाही आठवेल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने 1897 साली कुर्डूवाडी ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची चिमुकली रेल्वे सुरू केली, ती बार्शी लाइट. ती पुढे 1907 साली आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तडवळ्यापर्यंत आणि 1911 साली लातूरपर्यंत गेली. गाडी गुणाची होती. हलकी, काटकसरी, आणि लातूर-बार्शीच्या मालाला जगाकडे नेणारी. पण मुंबईची मोठी लाइन साडेपाच फुटांची. तेव्हा प्रत्येक पोते, प्रत्येक गठ्ठा कुर्डूवाडीला लहान डब्यातून उतरवायचा आणि मोठ्या डब्यात चढवायचा! हमालांना काम मिळे, मालाला उशीर, आणि पोत्याला आकड्यांची भोके. धाराशिव शहर तर त्या वाटेवर नव्हतेच. लोक येडशीला जाऊन गाडी पकडत. ही दोन रुंदींची फुगडी संपून मोठी लाइन धाराशिवमार्गे लातूरला जोडली गेली ती 2007-08 मध्ये. म्हणजे पहिल्या गाडीनंतर शंभराहून अधिक वर्षांनी. ज्यांना वाटते की दोन निराळ्या वह्या कधीतरी आपोआप एकमेकींना जुळतील, त्यांनी हा इतिहास ध्यानात ठेवावा.

उलट रुंद लाइनीचा नमुना पाहायचा तर यूपीआयकडे बघा. 2016 च्या एप्रिलमध्ये 21 बँकांनिशी ते सुरू झाले. त्यात ब्लॉकचेन वगैरे काही नाही, बँकांनी मिळून उभारलेली एक मध्यवर्ती संस्था आहे. पण कुठल्याही बँकेचा माणूस कुठल्याही बँकेच्या माणसाला पैसे पाठवू शकतो. आज धाराशिवच्या आठवडी बाजारात मेथीची जुडी विकणारी बाईसुद्धा गळ्यात चौकटीचे चित्र अडकवून बसते. तिला कोणी भाषण दिले नव्हते. शेजारणीकडचे गिऱ्हाईक वाढलेले दिसले, एवढेच पुरले.

मग पहिला गाडा ढकलायचा कोणी? अनुभव सांगतो की बहुतेक वेळा दांडगा गिऱ्हाईक ढकलतो. अमेरिकेतल्या वॉलमार्टच्या अन्नसुरक्षा विभागाचे प्रमुख फ्रँक यिआनस यांनी आपल्या माणसांपुढे आंब्याच्या फोडींचे एक पाकीट ठेवले आणि विचारले, हे कुठल्या बागेतले? जुन्या पद्धतीने उत्तर यायला 6 दिवस, 18 तास आणि 26 मिनिटे लागली. ब्लॉकचेन वहीवर तेच उत्तर 2.2 सेकंदांत आले. पण या चमत्काराने भारून जाऊन बागाईतदार धावत आले नाहीत. 2018 साली वॉलमार्टने पालेभाजी पुरवणाऱ्यांना पत्र धाडले की वर्षभरात या वहीत या. तेव्हा ते आले. वॉलमार्टला नाही म्हणणार कोण?

आपल्या जिल्ह्यातही असा एक प्रकार होऊन गेला आहे, आणि त्याची दखल फारशी कोणी घेत नाही. 2003 साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातदारांची झोप उडाली. त्यानंतर पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली तपासणी सुरू झाली आणि 2006 साली अपेडाने ग्रेपनेट ही नोंदवही काढली. बागेला क्रमांक, फवारणीची नोंद, प्रयोगशाळेचा दाखला, पेटीवर खूण. रॉटरडॅमला पेटी उघडली तर ती तुळजापूर तालुक्यातल्या कुठल्या बागेची, हे माघारी शोधता यावे अशी सोय. ग्रेपनेट सुरू झाले तेव्हा ब्लॉकचेन जन्मालाही आली नव्हती. तरी सगळे बागाईतदार, सगळ्या प्रयोगशाळा, सगळे निर्यातदार एका वहीत आले, कारण नोंद नसेल तर युरोपचा रस्ता बंद. तरीही 2010 साली युरोपात क्लोरमेक्वाट नावाच्या वाढरोधकाचे अंश निघाले आणि आपले पेटारे तिथल्या बंदरांत अडकले. ते द्रव्य आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. वहीला जे विचारले नाही ते वही सांगत नाही.

आणि जे खोटे लिहिले ते ती इमानाने जपते. ब्लॉकचेनचे विक्रेते या मुद्द्यावर आवाज जरा खाली आणतात, म्हणून मी तो चढवतो. 2013 च्या जुलैअखेर मुंबईचा नॅशनल स्पॉट एक्स्चेंज हा बाजार बंद पडला, तेव्हा सुमारे 5,600 कोटी रुपये अडकले. नोंदी होत्या, पावत्या होत्या. गोदामे उघडली तर पुष्कळ ठिकाणी कागदावरचा माल जागेवर नव्हता. अशा नोंदी अजरामर साखळीत गुंफल्या असत्या, तर खोटेपणाच अजरामर झाला असता. काट्यावर पोते चढवणारा माणूस, ओलावा मोजणारे यंत्र आणि गोदामाची किल्ली कोणाकडे, हे प्रश्न गणित सोडवत नाही. माझे स्पष्ट मत असे की जिथे सर्वांचा विश्वास असलेली एक कचेरी आहे, तिथे साधी मध्यवर्ती वहीच बरी. कायद्याने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वखार पावत्या 2017 पासून आहेत, त्याही तशाच वहीत नोंदल्या जातात. जिथे कोणी कोणाच्या हाती वही द्यायला तयार नाही, तिथे साखळीची वही उपयोगी. पण तिथेच सगळ्यांना एकत्र बसवणे सर्वांत अवघड. औषध त्याच रोग्याला हवे जो ते घेत नाही, अशी ही गंमत आहे.

मेहुण्यांचे काय झाले, हे विचारणारे वाचक असतीलच. त्यांनी शेवटी माल बाजार समितीच्या गोदामात टाकला. 84,000 रुपयांच्या मालावर 63,000 कर्ज, सहा महिन्यांचे व्याज 1,890. म्हणजे क्विंटलमागे 95 रुपयांनी भाव चढला तर बरोबरी. फेब्रुवारीत तर सोयाबीन चार हजारांच्या आसपासच घुटमळत होते. मुदत संपताना 4,200 ला विकले. व्याज अंगावर पडले. मी हळहळ दाखवली तर म्हणाले, "जाऊ द्या हो दाजी. कवा इकायचं ते यंदा म्या ठरवलं." पुढच्या सप्टेंबरात, म्हणजे 2025 साली, पावसाने जिल्हाभर थैमान घातले. परंडा-भूमकडे तर नद्यांनी शेतांतली मातीसुद्धा नेली. मेहुण्यांचे निम्मे सोयाबीन उभ्या उभ्या कुजले. गोदामात टाकायला काही असेल तरच पावतीची चर्चा.

आता फराळाच्या दिवसांत वाचकांच्या अगदी जवळचा एक प्रश्न उरतो, तो खव्याचा. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीचा खवा प्रसिद्ध. तिथल्या भट्ट्यांवर आटलेला खवा पहाटेच्या गाड्यांनी शहरोशहरी जातो, आणि 2024 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. दर दिवाळीला भेसळीच्या धाडींच्या बातम्या येतात, आणि दर दिवाळीला आपण तरीही पेढे आणतो. भट्टीवाल्याने, गाडीवाल्याने, मिठाईवाल्याने आणि आपण, चौघांनी एकच वही पाहिली तर डब्यावरच्या खुणेवरून खवा कुठल्या भट्टीचा, किती वाजता निघाला, हे कळू शकते. यंत्र उपलब्ध आहे, खर्चही आवाक्यातला. भट्टीवाला म्हणतो, मिठाईवाल्याने मागितले तर लिहू.

म्हणून गेल्या आठवड्यात मी आमच्या नाक्यावरच्या मिठाईवाल्याला विचारले, "शेठ, हा खवा कुठला?"

"कुंथलगिरीचा, एक नंबर."

"कशावरून?"

त्याने तराजूतला पेढा पुन्हा परातीत ठेवला आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिले. "साहेब," तो म्हणाला, "तीस वर्षं दुकान चालवतोय. हे विचारणारे तुम्ही पहिलेच."